जुनी पद्मिनी घेताय? ऑईल प्रेशरचा काटा आधी तपासा

खारघरच्या एका विक्रेत्याने मला प्रीमियर पद्मिनी विकली ती ऑईल प्रेशरच्या, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या दाबाच्या, काट्यावर. डॅशबोर्डखाली वेगळं मीटर बसवलेलं, काटा 45 पीएसआयवर (दाबाचं माप). "बघा साहेब, इंजिनाची तब्येत!" मी पोचलो तेव्हा गाडी चालूच होती. बंद करून परत चालू करा म्हटलं, तर बॅटरी उतरलीय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात नुसती चावी फिरवली. स्टार्टर मारलाही नव्हता, आणि काटा सरळ 45 वर! इंजिन बंद असताना ऑईल पंप फिरत नाही, मग प्रेशर येणार कुठून?

वागळे इस्टेटमधल्या मेकॅनिकने मीटर बाहेर ओढलं. सेन्सरची वायर कापलेली, आणि तिच्या जागी काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला इवलासा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, देणारा तुकडा), दुसरं टोक बॉडीला अर्थ केलेलं. विजेवर चालणारं मीटर खरं तर सेन्सरचा रेझिस्टन्स वाचतं. ठरावीक रेझिस्टन्स जोडला की काटा ठरावीक जागी चिकटून बसतो. किती थंड डोक्याने केलेली लबाडी आहे ही! काटा बघून निर्धास्त राहिलेला माणूस हायवेवर इंजिन जाम करून बसला असता.

मग सेन्सर काढून तिथे मेकॅनिकल गेज, म्हणजे विजेशिवाय थेट तेलाच्या दाबावर चालणारं मीटर, लावला. थंड इंजिनाला 40. गायमुखपर्यंत फिरवून आणली, तर गरम इंजिनाला आयडलवर (रेस न देता इंजिन नुसतं चालू) जेमतेम 5. तेल थंड असताना घट्ट असतं, म्हणून सकाळी झिजलेलं इंजिनही ठणठणीत वाटतं. तापलं की ते पातळ होतं आणि बेअरिंगच्या वाढलेल्या फटीतून निसटतं. जुन्या इंजिनांसाठी ढोबळ हिशेब दर 1000 आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) 10 पीएसआय असा धरतात. चांगल्या इंजिनाचा काटा हलता असतो: गरम आयडलला खाली येतो, रेस दिली की चढतो.

प्रेशर कमी म्हणजे दर वेळी बेअरिंगच गेली असं नाही. जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो, पंप झिजतो. तेवढ्यावर निभावलं तर खर्च किरकोळ. माझ्या गाडीचं चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उघडलं तेव्हा इंजिनात गिअर ऑईलसारखं दाट तेल निघालं, खडखड दबावी म्हणून भरलेलं. बिग एंड बेअरिंगवरचा पांढरा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं, त्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) नखाला लागतील असे ओरखडे. क्रँक ग्राइंडिंग, घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारी अंडरसाइझ बेअरिंग, नवा पंप, सगळं करावं लागलं. विक्रेता फोनवर म्हणाला, "जुन्या गाडीला गॅरंटी नसते." त्यानंतर फोन उचलणंच बंद.

त्याच्याकडे अजून एक पद्मिनी विकायला आहे, असं कळलं. त्या भागात कुणी गाडी बघायला जाणार असाल तर आधीच सांगून ठेवा, की इंजिन थंड हवं. बॉनेटला हात लावून खात्री करा. स्टार्टर न मारता नुसती चावी फिरवल्यावर काटा शून्यावरच राहिला पाहिजे, आणि मीटरऐवजी ऑईलचा लाल दिवा असेल तर तो लागलाच पाहिजे. मेकॅनिक आणि मेकॅनिकल गेज सोबत न्या. गेज लावू देत नसेल तर बयाणा देऊ नका.