फ्लाइटकंट्रोल डबल-ऑट बक: आठ महिन्यांनंतर, आणि तो नववा छर्रा

नऊ छर्ऱ्यांचं काडतूस घेताना ‘एक जास्त मिळाला’ म्हणून खूश होऊ नका. घात तोच करतो.

फेडरल कंपनीचं फ्लाइटकंट्रोल हे शॉटगनचं डबल-ऑट बक, म्हणजे जाड छर्ऱ्यांचं काडतूस. ते आठ छर्ऱ्यांचंही मिळतं आणि नऊचंही. १८ इंची नळीच्या, सिलिंडर बोअरच्या (तोंड न आवळलेल्या) रेमिंग्टन ८७० शॉटगनमधून दहा यार्डांवर आठचे सगळे छर्रे मुठीत मावतील इतके जवळ बसतात. नऊच्यात आठ तसेच बसतात, पण एक चार-पाच बोटं बाहेर. पंचवीस यार्डांवर तोच वीतभर भरकटतो. डबल-ऑटचा छर्रा ०.३३ इंचाचा, वॉडच्या (छर्रे धरणाऱ्या प्लास्टिकच्या कपाच्या) आत एका थरात तीन मावत नाहीत, जोड्या लागतात. नववा विजोड. घरात हे फार महत्त्वाचं, कारण ड्रायवॉलची (जिप्सम बोर्डाची) भिंत या छर्ऱ्याला अडवत नाही. आणि पलीकडे कुणाची तरी खोली असते.

किंमत मात्र खुपते. खोक्यात पाचच काडतुसं. पॅटर्न, म्हणजे छर्रे कागदावर कसे पसरतात ते, नीट बघायचा तर एका अंतरावर पाच कागद हवेत, म्हणजे एक अंतर, एक खोकं. म्हणून काटकसर अशी करा: घरातलं सर्वांत लांब सरळ अंतर आधी टेपनं मोजा. ते सात यार्ड असेल तर सात आणि दहा एवढंच मारा, पंचवीसची हौस सोडा. सराव स्वस्त ट्रॅप लोडवर (चकत्यांच्या नेमबाजीच्या काडतुसांवर). खोक्यावरचा लॉट नंबर कागदावर लिहून ठेवा. लॉट बदलला की निदान दोन कागद पुन्हा.

सहा महिने हे काडतूस निर्दोष वाटत होतं. मग लांब नळीवर फुल चोक (नळीचं तोंड घट्ट आवळणारा भाग) लावून पाहिलं, पॅटर्न विस्कटला. पैसे पाण्यात. साधा वॉड पुढून उघडतो. हा छर्रे धरून ठेवतो आणि मागच्या पाकळ्यांनी ब्रेक लागून मागे पडतो. घट्ट चोक त्यालाच चिमटतो. म्हणून सैल चोकच: सिलिंडर, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, फार तर मॉडिफाइड. वेग ११४५ फूट प्रतिसेकंद, त्यामुळे धक्का कमी, पण काही सेमी-ऑटो एवढ्या हलक्या लोडवर पुढचं काडतूस चढवत नाहीत. मॅगझिन भरून ठेवण्याआधी आपल्या बंदुकीत चालवून बघाच. आणि तेच काडतूस रोज आतबाहेर करू नका, तोंडाची घडी खराब होते.

‘घरात बर्डशॉट (पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे) पुरे’ हा सल्ला सोडून द्या. भिंतीला कमी धोका, खरं, पण शरीरात पुरेसं खोल जात नाही.

शिकारीचं गणित उलटं: तिथे पसरणारा पॅटर्नच हवा. फेझंट या पक्ष्यासाठी शिशाचे ६ नंबरचे छर्रे, सव्वा औंस, म्हणजे सुमारे २८० छर्रे. चाळीस यार्डांवर चार फुटी कागद, एकच बार नव्हे तर पाच बार पाच वेगळ्या कागदांवर, आणि गर्दीच्या जागेभोवती ३० इंचांचं वर्तुळ नंतर आखायचं. आधी आखलं तर स्वतःला फसवाल. मॉडिफाइड चोकला ६० टक्के छर्रे, म्हणजे १६८ च्या आसपास आत हवेत. वर्तुळाचा मध्य नेमाच्या खुणेपासून किती सरकलाय तेही मोजा. बऱ्याचदा दोष काडतुसाचा नसतो, दस्ता अंगाला बसत नसतो. भरपूर छर्रे आत असूनही मधे तळहाताएवढी पोकळी दिसली तर त्यातून पक्षी जातो.

बदकांसाठी अमेरिकेत १९९१ पासून शिसं बंद, कॅलिफोर्नियात २०१९ च्या १ जुलैपासून कोणत्याच शिकारीला चालत नाही. स्टील हलकं, म्हणून दोन नंबर मोठं घ्या (नंबर कमी, तितका छर्रा मोठा): शिशाच्या ४ ऐवजी स्टीलचे २, औंसाला १२५. जुन्या फुल चोकमधून ते मारू नका, नळी फुगते.

आठच्या फ्लाइटकंट्रोलला घरासाठी पाचपैकी साडेचार. अर्धा खोक्यातल्या त्या पाच काडतुसांसाठी कापला.