कातडी सायकल-सीट : वर्षभर वापरल्यानंतर, आणि मुख्यतः तिच्या रिपिटांबद्दल

मागचं, डावीकडून दुसरं रिपिट (रिव्हेट) निघालं. रामटेकहून परत येताना कन्हानच्या पुलाच्या अलीकडे टक्कन आवाज झाला. स्पोक तुटला असं समजून उतरले, दोन्ही चाकं फिरवून पाहिली, सगळं जागच्या जागी. मग सीटवर हात फिरवला तर चामड्याची कड पत्र्यापासून उचललेली आणि रिपिटाचं डोकं गायब. उरलेले वीसेक किलोमीटर मी एका अंगावर बसून घरी आले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे. पण आपल्याकडे सहा-सात हजारांत मिळणाऱ्या कातडी सीटांपैकी ही एक आहे, आणि बाकीच्यांची बांधणीही साधारण अशीच असते.

कातडी सीट कशी असते हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. एक जाड चामडं, मागे पत्र्यावर आणि पुढे नाकावर रिपिटांनी ताणून बसवलेलं. खाली ना फोम, ना जेल. म्हणजे बसणाऱ्याचा सगळा भार शेवटी रिपिटांवर येतो. सीट विकणारे चामड्याबद्दल पानंच्या पानं लिहितात, टॅनिंग सांगतात, जाडी सांगतात. रिपिटांवर कोणी एक ओळ लिहीत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

मागच्या दिवाळीनंतर घेतली. बायकांसाठी सांगते, माप आधी घ्या. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कडक खुर्चीवर ठेवायचा, त्यावर पाय थोडे उचलून घट्ट बसायचं आणि उठल्यावर जे दोन खळगे दिसतात त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. त्यात दोन ते तीन सेंटीमीटर मिळवले की सीटची रुंदी साधारण कळते. मी रुंद मागची आणि आखूड नाकाची घेतली. दुकानदार "लेडीज मॉडेल"च्या नावाखाली भरपूर जेल भरलेली सीट दाखवत होता. जेल पहिल्या अर्ध्या तासाला गोड लागतं, दोन तासांनी मांड्या बधिर करतं. ती मी आधी वापरून टाकून दिलेली होती.

पहिले काही आठवडे सीट दगड होती. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ आणि परत, एवढ्या फेरीनंतर खुर्चीवर नीट बसवत नव्हतं. होळीच्या सुमारास हाडांखाली दोन उथळ खळगे पडू लागले आणि तिथून ती माझी झाली. खोबरेल तेल चोळा, एरंडेल चोळा असे सल्ले शेजारपाजारचे सगळे देतात. अजिबात चोळू नका. तेल पिऊन चामडं ढिलं पडतं, झोळीसारखं लोंबतं आणि मग नाकाखालचा ताणाचा बोल्ट कितीही आवळला तरी ते वर येत नाही. मधमाश्यांचं मेण असलेलं मलम, बोटाने, पातळ, बस्स. मे महिन्यात मात्र मी हिला दोनच स्टार दिले होते. पंचेचाळीस डिग्रीत ऑफिसबाहेर उभ्या सायकलची काळी सीट हात लावू देत नव्हती, आणि कोरड्या हवेत चामडं पुन्हा फळकुटासारखं झालं. ओला रुमाल घातला तर डाग पडतात. शेवटी जुन्या पांढऱ्या उशीच्या खोळीत घालून ठेवायला लागले, तेवढ्याने काम झालं.

जुलैत चिखलदऱ्याला नेली. परतवाड्यापर्यंत गाडीवर, पुढचा घाट सायकलने. धुक्यात आणि भुरभुर पावसात सीटला प्लॅस्टिकची टोपी घातली होती. गाव हजार मीटरच्या वर आहे, तेव्हा चढताना सीटवर बसून सतत जोर द्यावा लागतो. तिथेच पहिल्यांदा कुरकुर ऐकू आली. कातडी सीट कुरकुरतेच असं सगळे म्हणतात, तसं मीही धरून चालले.

आता सप्टेंबर. हा सगळा खटाटोप ज्यासाठी केला ती सहल. फ्रान्सच्या पूर्वेला आल्सास म्हणून भाग आहे, ऱ्हाईन नदी आणि व्होज डोंगरांच्या मधला. डोंगरांच्या पायथ्याला उत्तर-दक्षिण द्राक्षमळ्यांची पट्टी आणि त्यात गावं. मार्लेनहाइमपासून थानपर्यंतचा सुमारे 170 किलोमीटरचा वाइन रस्ता त्यांनी 1953 साली आखला. त्याला जवळपास समांतर, मळ्यांच्या मधून जाणारा सायकल मार्ग वेगळा आहे. मी आणि माझी मैत्रीण कोलमारला राहिलो. सायकली तिथेच भाड्याने घेतल्या, सीट मात्र नागपूरहून चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेली होती. सायकलीवाल्याने ती हातात घेऊन उलटी केली, खालचे दोन रॉड पाहिले, पाना काढला आणि दोन मिनिटांत बसवून दिली. रॉडांची जाडी जगभर जवळपास सारखीच असते, त्यामुळे आपली सीट बरोबर नेता येते. भाड्याची सायकल कशीही असू दे, बसण्याची जागा आपल्या घरची. मैत्रीण दुकानाच्या जेल सीटवर होती. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या सीटची किंमत विचारली.

तो मार्ग सपाट नाही, पण दमवणाराही नाही. मळ्यातले काँक्रीटचे अरुंद रस्ते सारखे थोडे वर, थोडे खाली जातात. एका वळणावर तुर्कहाइमची वेस, पुढे कायझर्सबेर्ग, जिथे 1875 साली पुढे शांततेचं नोबेल मिळवणारे डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर जन्मले, मग रिकविर. रिकविरच्या वरच्या टोकाला 1291 सालचा डोल्देर बुरूज उभा आहे आणि त्याच्या पाठीमागे लगेच मळे सुरू होतात. गाव इतकं अखंड आहे की उंबरठे, खिडक्या, लाकडी चौकटी सगळं शेकडो वर्षांचं. तिथून थोडंसं खाली सायकलने उतरलं की बेनविर लागतं आणि तिथे जुनं काहीच दिसत नाही. 1944 च्या डिसेंबरात कोलमारभोवतीच्या लढाईत बेनविर, सिगोल्सहाइम, आमेर्शविर ही गावं जवळपास जमीनदोस्त झाली. आज जे दिसतं ते युद्धानंतर बांधलेलं. सिगोल्सहाइमच्या वरच्या टेकडीवर मळ्यांच्या मधोमध सैनिकांची दफनभूमी आहे. द्राक्षं त्याच उतारांवर तीच लागतात. गाडीने जाणाऱ्याच्या हे लक्षात येणार नाही. सायकलवर मात्र एका तासाच्या आत एक गाव जसंच्या तसं आणि दुसरं नव्याने उभं केलेलं दिसतं, मग तुम्ही आपोआप थांबता.

रिबोविलेला सायकली खाली बांधून पायी वर गेलो. गावाच्या डोक्यावर तीन पडके किल्ले आहेत, सगळ्यात वरचा सव्वासहाशे मीटरच्या वर. पायवाटांवर झाडांना रंगीत खुणा मारलेल्या असतात. क्लुब व्होजियँ नावाची संस्था हे काम 1872 पासून करते आहे, आणि खूण चुकली असं एकदाही झालं नाही. दगड काही ठिकाणी गुलाबी वालुकाश्माचा. वरून मळ्यांच्या रांगा पाहिल्या तेव्हा मला काटोलकडची संत्र्यांची बाग आठवली, फक्त तिथे सगळं उतारावर टांगल्यासारखं होतं. सीट चोरीला जाईल या भीतीने मी तिच्या रॉडांतून जुनी सायकलची चेन घालून फ्रेमला कुलूप लावलं होतं. तुम्हीही तसंच करा, चांगली सीट कुठेही उचलली जाते.

वाइनबद्दल थोडंच. रीझलिंग कोरडी, म्हणजे गोड नसलेली, आणि आंबटसर, मला तीच आवडली. गेवुर्त्स्ट्रामिनर नाकाला लिचीसारखी लागते. तिकडे सायकलस्वारालाही गाडीवाल्याइतकीच दारूची मर्यादा आहे, रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम. म्हणून चाखणं आम्ही संध्याकाळी, सायकली परत लावल्यावर करायचो. दुपारी बेकरीचा पाव, मुन्स्टर चीज आणि घरून नेलेला चिवडा. हॉटेलातल्या एका जेवणाचे पैसे वाचले की पुढच्या गावात एक बाटली येते.

परत आले तेव्हा मी सीटला पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले होते. दिवसाचे पाच-सहा तास बसून कुठे खरचटलं नाही, बधिर झालं नाही. कुरकुर तेवढी वाढली होती.

मग कन्हान. आणि मग कंपनी.

पहिल्या फोनवर मला विचारलं, "मॅडम, सायकल सर चालवतात का?" मी सांगितलं, सायकल माझी, सीट माझी, बिल माझ्या नावाचं. फोटो मागितले, पाठवले. आठवडाभर काही नाही. मग उत्तर आलं की सीट युरोपात पावसात वापरल्याचं मीच सांगितलं आहे, त्यामुळे हे पाण्याचं नुकसान असून वॉरंटीत बसत नाही. मी युरोप म्हटलं होतं, पाऊस म्हटलंच नव्हतं. व्होज डोंगर पश्चिमेकडून येणारे ढग अडवतात आणि कोलमार त्यांच्या पर्जन्यछायेत बसलं आहे. ते फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या शहरांपैकी एक आहे, तिथे वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या नागपुरात 1000 च्या वर पडतो. म्हणजे ही सीट त्या सहलीत इथल्यापेक्षा कोरड्या हवेत होती. हे सगळं आकड्यांसह लिहून पाठवलं. उत्तरात मला पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन मिळालं.

कूपन घेतलं नाही. इतवारीत भांड्यांना कान बसवून देणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे सीट नेली. कढईचा कान काय आणि सीटचं चामडं काय, दोन्ही रिपिटावरच तोलतात. त्यांनी तुटलेल्या रिपिटाचा उरलेला खिळा चिमट्याने ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून तांब्याचा रंग, तुटलेल्या तोंडाशी काळा-तपकिरी गंज. "ताई, हे तांब्याचं नाही. लोखंडाले वरून पाणी चढवलं हाय." मग गल्ल्यावर पडलेलं एका तुटक्या स्पीकरचं चुंबक उचललं आणि सीटवर फिरवलं. उरलेल्या आठही रिपिटांना चिकटलं. बॉक्सवर इंग्रजीत ठळक अक्षरांत "तांब्याची रिपिटं" असं छापलेलं आहे. तो बॉक्स मी जपून ठेवला आहे.

चिखलदऱ्यात ऐकलेली ती कुरकुर चामड्याची नव्हती. गंजलेलं रिपिट भोकात हलत होतं आणि पत्र्याला घासत होतं. त्यामुळे वर जे लिहिलं, की कातडी सीट कुरकुरतेच, ते आता मला पटत नाही. रॉडच्या पकडीला जरा ग्रीस लावूनही आवाज थांबला नाही, तर रिपिटं तपासा.

काकांनी मागची सहाही काढली. खऱ्या तांब्याची, वायसर घालून, हातोडीने ठोकून बसवली. चामडं आधी खालून लाकडी ठोकळ्यावर ताणून धरलं आणि प्रत्येक डोकं गोल होईपर्यंत बारीक बारीक ठोके देत राहिले. अर्धा तास लागला, अडीचशे रुपये घेतले. "पुढची तीन काहून नाही करत? तेही जातीन," असं म्हणाले. पुढची करायची तर नाकाचा भाग पूर्ण खोलावा लागतो, ते काम एका बैठकीत होणारं नव्हतं. डिसेंबरात पुन्हा जाणार आहे. तेव्हापासून कुरकुर बंद आहे, अगदी सेमिनरी हिल्सच्या चढावरही.

स्टार म्हणाल तर चामड्याला पाच, रिपिटांना शून्य, कंपनीच्या सर्व्हिसलाही शून्य. सीट मी टाकणार नाही, कारण आता ती माझ्या हाडांची झाली आहे आणि नवीनचे सात हजार मी पुन्हा देणार नाही. तुम्ही घेणार असाल तर दुकानात जाऊन घ्या आणि फ्रिजवरचं चुंबक खिशात घेऊन जा. रिपिटाला चिकटलं तर किंमत कमी करून मागा किंवा सरळ परत या. ऑनलाइनच घ्यायची असेल तर आधी मेल करून रिपिट कशाचं आहे ते लेखी विचारा आणि तो मेल बिलासोबत ठेवा. ताणाचा बोल्ट फिरवायचा पाना बॉक्समध्ये आहे का तेही विचारा, माझ्यात नव्हता.