नागपूर की पालमपूर? मुलांना घेऊन डोंगरात राहायला जाण्याआधी

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की दरवर्षी ओळखीतलं कुणीतरी विचारतं, "तुम्ही हिमाचलात राहून आलात ना? आम्हीही जावं का?" दोघांपैकी एकाचं काम घरून चालतं, मुलं लहान आहेत, इकडचं ऊन सोसवत नाही, असंच बहुतेकांचं म्हणणं असतं. आम्हीही याच कारणांनी 2021 च्या दिवाळीनंतर कांगडा खोऱ्यातल्या पालमपूरला गेलो होतो. तेव्हा मोठी सात वर्षांची होती, धाकटा चारचा. तीन वर्षं राहिलो आणि परत आलो. दोन्हीकडचा संसार जसा अनुभवला तसा सांगते.

आधी हवा, कारण सगळे त्यासाठीच जातात. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. 23 मे 2013 ला तर 47.9 नोंदला गेला होता. पालमपूर सव्वाबाराशे मीटर उंचीवर, तिथे मेच्या दुपारी 30 च्या आसपास असतं. कूलर नाही, त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलणं नाही, मुलं भर दुपारी अंगणात. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. पण पावसाचं कुणी विचारत नाही. नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पालमपूरला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, गव्हाच्या पिठाला वास येतो. म्हणजे दोन्हीकडे वर्षातले दोन-अडीच महिने मुलं घरातच. नागपुरात ऊन डांबून ठेवतं, तिकडे पाऊस. उरलेले नऊ-दहा महिने तुम्हाला कसे हवेत, हे आधी ठरवा.

त्या महिन्यांत मात्र पालमपूरची सर नागपूरला येत नाही. इकडे फिरायला जायचं म्हणजे रविवार. गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय, रमण विज्ञान केंद्र, संध्याकाळी फुटाळा, जरा मोठा बेत असला तर रामटेक-खिंडसी किंवा पेंच. गाडी काढा, डबे भरा, गर्दीत पार्किंग शोधा. तिकडे बुधवारीसुद्धा शाळा सुटली की आम्ही चहाच्या मळ्यातून चालत जायचो. गुडघ्याएवढी झुडपं, मधून पायवाट आणि समोर धौलाधार डोंगररांगेची अख्खी भिंत. डिसेंबरात पाऊस पडून उघडीप झाली की बर्फाची रेघ आदल्या दिवशीपेक्षा किती खाली आली, हे धाकटा बोटानं मोजायचा. न्यूगल खड्डवर जाऊन दगड वेचणं हा त्याचा सगळ्यात आवडता कार्यक्रम होता. (ओढ्याला तिकडे खड्ड म्हणतात. पावसाळ्यात तिथे पाण्यात अजिबात उतरायचं नाही. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो.) सुटीच्या दिवशी बैजनाथचं देऊळ, अंद्रेट्याला मातीची भांडी करणारे, नाहीतर बीड (आपला बीड जिल्हा नव्हे, तिकडचंच गाव). बिलिंगच्या माथ्यावरून उडी घेतलेले पॅराग्लायडर तिथे डोक्यावरून उतरतात. तिथे 2015 मध्ये पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली होती. या सगळ्याला खर्च जवळजवळ शून्य.

मोठीला वेड लागलं ते छोट्या आगगाडीचं. पठाणकोट ते जोगिंदरनगर, 164 किलोमीटर, 1929 पासूनची. गंमत म्हणजे आपल्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात ज्या मापाची गाडी ठेवली आहे, तेच 762 मिलिमीटरचं माप. पण ऑगस्ट 2022 च्या पुरात चक्की नदीवरचा पूल वाहून गेला आणि पठाणकोटहून येणारी गाडी थांबली. डोंगरात असं होतं. परवापर्यंत असलेला रस्ता आज नसतो आणि ते मनाशी धरूनच बेत करावे लागतात.

शाळा दोन्हीकडे बऱ्या, त्यावर अडू नका. सुट्यांचं मात्र बघा. आपल्याकडे मे-जून मोकळे; तिकडे मोठ्या सुटीचा बराच भाग पावसाळ्यात येतो. मेमध्ये नागपूरहून मावशी, मामा, चुलतभावंडं थंड हवेला आली की आमची मुलं शाळेत. आमची सुटी लागून आम्ही नागपूरला यावं, तर भावंडांच्या शाळा सुरू झालेल्या. तीन वर्षांत मुलांचा भावंडांबरोबरचा सहवास जवळजवळ संपला. हे जाण्याआधी आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

खाण्याचं निभतं. ज्वारीचं पीठ, तिखट आणि गोडा मसाला इथून न्यावा. तिकडे मक्याचं पीठ सुरेख मिळतं, आणि आपल्या अळूवडीची सख्खी बहीण म्हणावी अशी पतरोडू शेजारीण करून द्यायची. सणाचं तसं होत नाही. तान्हा पोळ्याला धाकट्याचा लाकडी बैल सजवला, पण घेऊन जायचं कुठे? दाराशी दुसरं पोरगं बैल घेऊन आलंच नाही. दसऱ्याला आपटा मिळेना. मोठीनं शाळेच्या वाटेवरच्या कांचनाची पानं ओटीत भरून आणली, "आई, ही पण मधून दुमडतात, चालतील ना?" कांचन म्हणजे आपटा नव्हे हे ठाऊक असून आम्ही तेच सोनं आळीत वाटलं. शेजारच्या आजोबांनी ते टोपीत खोचलं आणि सांगितलं की बैजनाथला दसऱ्याला रावण जाळत नाहीत, तो शिवभक्त म्हणून. मुलांना हे नागपुरात कळलं नसतं.

आता ज्यामुळे आम्ही परतलो ते. तिसऱ्या पावसाळ्यात सासरे नागपुरात न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. फोन रात्री दहाला आला. पालमपूरहून दिल्लीची बस रात्रभराची, तीही दरड कोसळल्यानं वळसा घेऊन गेली, आणि पुढे रेल्वे. आम्ही पोचलो तेव्हा शस्त्रक्रिया होऊन गेली होती, सह्या शेजाऱ्यांनी केल्या होत्या. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स ही मोठी सरकारी रुग्णालयं सगळी गावातच. पालमपूरला बारीकसारीक दुखण्याला दवाखाने आहेत; पण गंभीर काही झालं तर लोक टांड्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जातात, तो डोंगरी रस्ता तासाभराचा. मुलांच्या तापाला हे पुरतं. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मी तरी हा धोका पुन्हा पत्करणार नाही.

एक गोष्ट पैशाची. नागपूरचं घर विकून तिकडे जमीन घेऊ, हा विचार डोक्यात असेल तर थांबा. हिमाचलच्या 1972 च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम 118 प्रमाणे तिथला शेतकरी नसलेल्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. म्हणून भाड्यानं राहा, इकडचं घर ठेवा. शिवाय कांगड्यात 4 एप्रिल 1905 ला झालेल्या भूकंपात वीस हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यामुळे उतारावरची नवी चार मजली इमारत देखावा कितीही छान असला तरी मी घेणार नाही. माकडांसाठी खिडक्यांना जाळी हवीच.

माझं मत विचाराल तर, मुलं चार ते दहाच्या मधली आणि दोन्हीकडचे आईवडील हिंडते-फिरते असतील तर जरूर जा, दोन-तीन वर्षांसाठी जा. मूल आठवीच्या पुढे गेलं असेल किंवा घरात कुणाची पथ्यं-औषधं चालू असतील तर नागपूर सोडू नका. उन्हाळ्यात आठवडाभर चिखलदरा गाठा. 1,118 मीटर उंची, सव्वादोनशे किलोमीटरवर, आणि रात्री फोन आला तर पहाटेपर्यंत घरी पोचता येतं.

आणि जायचं ठरलंच, तर एप्रिलात बघायला जाऊ नका, तेव्हा सगळंच सुंदर असतं. जुलैत पंधरा दिवस भाड्याची खोली घेऊन मुलांसकट राहा. घर पसंत करायचं ते जानेवारीत, दुपारी तीन वाजता; ज्या खोलीत तेव्हा ऊन येतं तीच मुलांना अभ्यासाला द्या.