फळ्याजवळून ओरडणं की बाकाजवळ जाऊन हळू सांगणं?
मागच्या बाकावर गप्पा रंगल्या की फळ्याजवळूनच नाव घेऊन ओरडणं सोपं वाटतं. आवाज लगेच थांबतो, पण शिकवणंही थांबतं. सगळ्या माना तिकडे वळतात आणि लक्ष वेधण्यासाठीच दंगा करणाऱ्याला हवं ते आयतं मिळतं. त्यात तो उलट बोलला, तर माघार कुणालाच घेता येत नाही.

त्यापेक्षा शिकवत शिकवतच त्याच्या बाकाजवळ जाऊन उभं राहा. तेवढ्याने भागलं नाही तर वाकून हळू आवाजात एकच सूचना द्या, ‘तिसरं गणित सोडव’, आणि लगेच पुढे सरका. रोखून पाहत थांबलात तर पुन्हा तमाशाच! दोन मिनिटांनी वहीवर नजर टाका. बाकांमधून चालायला वाट नसेल तर हा उपाय फसतो. आधी बाकं हलवा. मारामारी सुरू झाली असेल तेव्हा मात्र मोठा, स्पष्ट आवाजच हवा.