दोन घरांत एकच ‘ओरिजनल’ अडकित्ता

पितळी अडकित्त्याचं एक चित्र नागपुरात धरमपेठेतल्या घरी साडेसहा हजारांना आलं. ‘हाताने काढलेला जलरंग, एकच प्रत.’ काही महिन्यांनी तेच सक्करदऱ्यातल्या एका भिंतीवर दिसलं. विषय तोच, सही तीच. चित्रकाराने पुन्हा काढलं असेल, असं म्हणता आलं असतं. पण दांडीजवळ अर्धवट वाळलेल्या रंगात पाणी शिरून फुलकोबीसारखा जो डाग पडतो, तोही जागच्या जागी होता. असा डाग दोनदा हुबेहूब कुणालाच पाडता येत नाही. दोन्ही प्रिंट निघाल्या.

युक्ती साधी आहे. जाड, खरबरीत कागदावर इंकजेट प्रिंट काढायची, चकाकीवर पांढरा पोस्टर कलर लावायचा आणि खाली पेन्सिलने सही. खऱ्या जलरंगात चकाकी म्हणजे बहुतेक वेळा कोरा सोडलेला कागद. अर्थात चांगले चित्रकारही कधी पांढरा लावतात, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

बघायची ती सावली. पितळेची सावली बहुधा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून करतात. अल्ट्रामरीन दाणेदार असतो. तो कागदाच्या खळग्यांत बसतो, उंचवटे फिके राहतात. प्रिंटरच्या शाईला खळगा कळत नाही. सराफाकडचं दहापटीचं भिंग फिकट पार्श्वभूमीवर धरलं, की निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात.

विक्रेत्याची परवानगी घेऊन, माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकलेल्या कडेला कापसाची ओली काडी टेकवा. जलरंगातला डिंक पाण्यात सुटतो, रंग थोडा उचलला जातो; प्रिंटरची पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) हलत नाही. पण स्वस्त डाय शाई (पाण्यात विरघळणारी) पसरते आणि थॅलो ब्लूसारखा रंग खऱ्या चित्रातही घट्ट बसतो. त्यामुळे भिंगाशिवाय ही चाचणी अपुरी.

यासाठी फ्रेम उघडावीच लागते. ‘मागची पट्टी काढली तर गॅरंटी जाईल’ असं ऐकलं की तिथूनच परत फिरा.

फसलात तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. ‘ओरिजनल’ लिहिलेला व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, कारण या दोन्ही घरांच्या बिलावर एवढंच आहे: ‘वॉल फ्रेम, १ नग’.