मिरजेचा तंबोरा: पावसाळा ते उन्हाळा, घरच्या वापराचा अनुभव

करसल्लागाराच्या व्यवसायात विवरणपत्रांचा जुलै आणि लेखापरीक्षण अहवालांचा सप्टेंबर हे दोन महिने माणसाला पिळून काढतात. गेल्या जूनमध्ये मी मिरजेहून काळी चारला (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लागणारा, बायकांच्या पट्टीचा तंबोरा आणला तो या ताणावर उतारा म्हणून. गायिका होण्याचे वय आणि तयारी यांपैकी माझ्याकडे काहीच नाही. आता तिन्ही ऋतू उलटून गेले असल्याने थोडे अधिकाराने लिहिता येईल.

आधी खरेदीविषयी. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. दुकानात मात्र मानांकनापेक्षा कानावर भिस्त ठेवावी. नक्षीकाम पाहून वाद्य निवडू नये. चार-पाच तंबोरे एकाच पट्टीत लावून मागावेत, डोळे मिटून ऐकावेत आणि ज्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार, सर्वांत उशिरा विरतो तो घ्यावा.

मूळ मुद्दा असा, की माझा ताण हलका होतो तो गाण्याने नव्हे, तर तंबोरा जुळवण्याने. जोडाच्या, म्हणजे मधल्या, दोन तारा षड्जाजवळ ('सा'जवळ) येऊ लागल्या की आवाजात एक हेलकावा ऐकू येतो. अंतर कमी होईल तसतसा तो संथ होत जातो आणि तारा मिळाल्या की थांबतो. शेवटचा सूक्ष्म फरक खुंटीने निघत नाही. तो घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) मागच्या, तारेत ओवलेल्या मण्याने काढावा लागतो, आणि मणी जरासा सरकला तरी स्वर चढून बसतो. मग मंद्र पंचमाची (खालच्या 'प'ची) तार, मग खर्ज, आणि सर्वांत शेवटी जवारीवर (घोडीच्या गोलसर माथ्यावर) तारेखाली घातलेला सुती दोरा केसभर पुढेमागे करून बोदा आवाज खुलवायचा. या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटे सहज जातात आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरे काही ठेवताच येत नाही. कोणा अशिलाच्या नोटिशीचे उत्तर मनात घोळू लागले, की हेलकावा ऐकू येईनासा होतो आणि पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात करावी लागते. वाद्य चांगले लागले, की कोणीही न छेडलेला गंधार ('ग') खोलीत स्पष्ट ऐकू येतो. हा भास नव्हे. खर्जाच्या कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा तो स्वर त्या तारेत मुळातच असतो, चांगली जवारी त्याला केवळ वर आणते. पहिल्यांदा तो ऐकला त्या रात्री मी गायलेच नाही, नुसती छेडत बसले. एरवी पंचमाची तार मध्यमावर ('म'वर) उतरवून मालकंस रागाचे चार आलाप घेते आणि तेवढे मला पुरते.

मोबाइलवरील तानपुऱ्याचे ॲप मी आधी पुष्कळ वापरले आहे आणि रियाजासाठी त्यात वावगे काही नाही. परंतु ते नेहमी जुळलेलेच असते, त्यामुळे आपल्याकडून काहीच मागत नाही. शिवाय ज्या यंत्रावर षड्ज वाजतो त्याच यंत्रावर अशिलाचा संदेशही येऊन आदळतो.

त्रासही सांगितला पाहिजे. कामाचा सर्वांत वाईट काळ आणि तंबोऱ्याचा सर्वांत वाईट काळ दुर्दैवाने एकच, म्हणजे पावसाळा. दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट बसतात आणि पोलादी तारांवर गंज धरतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसल्या नाहीत तर दोन महिन्यांत त्या बदलाव्या लागतात. उलट मार्चनंतर त्याच खुंट्या सैल होऊन घसरतात. त्यांना खडू चोळावा आणि पिळताना खुंटी आत दाबत राहावी, हा कारागिराने दिलेला सल्ला खरोखर उपयोगी पडला. भोपळा नाजूक असतो, एका धक्क्याने तडकतो. लहान मुले असलेल्या घरात गवसणी घालून तंबोरा कोपऱ्यात उभा केला म्हणजे निश्चिंत झालो, असे समजू नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या दृष्टीने मोठी सोय म्हणजे आवाज मृदू असल्याने रात्री अकरा वाजतासुद्धा शेजाऱ्यांची तक्रार येत नाही.

मर्यादा एवढीच, की ऐन मुदतीच्या आदल्या दिवशी त्याचा काहीही उपयोग होत नाही, कारण त्या दिवशी हात लावायलाच सवड नसते. आणि झोप उडण्यापर्यंत ताण गेला असेल तर डॉक्टरांकडेच जावे. स्वरज्ञान अजिबात नसलेल्यांनी आधी कोणाकडून तरी जुळवणे शिकून घ्यावे, अन्यथा हेच वाद्य नवा वैताग होऊन बसेल. माझ्या तंबोऱ्याची जवारी आता तारांच्या घर्षणाने झिजू लागली आहे, गंधार पूर्वीइतका मोकळा येत नाही. ती घासून नीट करण्याचे काम घरी करू नये. मी सप्टेंबरची मुदत उरकल्यावर, पाऊस ओसरला की वाद्य मिरजेला घेऊन जाणार आहे.