जानेवारीत दाखवलेला ‘चिलर’ मे महिन्यात का चालत नाही

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला त्याहूनही खाली. घरातल्या टँकचं पाणी तेव्हा आपोआप अठरा अंशांच्या आसपास येतं. ‘मिनी ॲक्वेरियम चिलर’, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारा डबा, विकणारे नेमके याच दिवसांत घरी येऊन डबा जोडून दाखवतात. डब्यावर निळे आकडे लागतात: १८. टँकमधला ॲक्सोलॉटल, म्हणजे थंड पाण्यात राहणारा मेक्सिकोचा उभयचर प्राणी, मजेत असतो, गिऱ्हाईक खूश. साडेपाच-सहा हजार रुपये, त्यातले निम्मे आधी यूपीआयने. पावती मागितली की उत्तर ठरलेलं, “व्हॉट्सॲपवर पाठवतो ना साहेब.”

मार्चअखेर दुपारचं तापमान ३७-३८ वर जातं. डब्यावर अजूनही १८ च दिसतं, म्हणून घरचे निश्चिंत असतात. मग प्राणी खाणं सोडतो, गिलांची (कल्ल्यांची) टोकं पुढे वळतात, अंगावर चिकट पातळ थर येतो, गिलांवर कापसासारखी पांढरी बुरशी धरते. कुणीतरी पाच रुपयांच्या नाण्याएवढा साधा थर्मामीटर पाण्यात टाकतो तेव्हा कळतं की पाणी २८ वर आहे. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, खोली फार तापते, अजून एक युनिट लावा. बरेच जण तेही घेतात. फसवणूक एकदा नाही, दोनदा होते.

डबा उघडला की आत काय निघतं ते सांगतो. चार सेंटिमीटरची एक चौकोनी पांढरी चकती, तिच्यावर टीईसी१-१२७०६ असं छापलेलं. ही पेल्टिअर चकती, वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते: अर्धवाहकांच्या १२७ जोड्या, कमाल ६ अँपिअर, १२ व्होल्ट. एका बाजूला पाणी फिरायला ॲल्युमिनियमचा छोटा ब्लॉक, दुसऱ्या बाजूला उष्णता हवेत सोडणारा, पंखा लावलेला हीटसिंक, वीज पुरवणारा एक एसएमपीएस आणि तापमान बघून चकती चालू-बंद करणारा डब्ल्यू१२०९ नावाचा स्वस्त थर्मोस्टॅट. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. चकती खोटी नसते. तिच्याकडून जे काम होईल असं सांगितलं जातं ते खोटं असतं.

हिशेब करून बघा. दोन फुटी टँक, ६० × ३० × ३८ सेंटिमीटर, पाणी साधारण ६० लिटर. सगळ्या बाजू मिळून सुमारे एक चौरस मीटर काच आणि पाण्याचा पृष्ठभाग. उघड्या काचेतून खोली आणि पाणी यांच्यातल्या दर अंशाच्या फरकामागे जवळपास ५ वॉट उष्णता आत येते. खोली ३२ आणि पाणी १८ ठेवायचं तर फरक १४ अंशांचा, म्हणजे सतत ७० वॉट बाहेर काढायला हवेत. ही चकती साठेक वॉट वीज खाऊन अशा परिस्थितीत जेमतेम २०-२५ वॉट उष्णता काढते. त्यातले सात-आठ वॉट पाण्यातला पंपच परत पाण्यात टाकतो. उरलं काय? पंधरा वॉट, म्हणजे तीन अंश. खोली ३२ तर पाणी २९. वर डबा स्वतः ८० वॉटच्या पुढे उष्णता खोलीत फेकतो. बंद खोलीत दोन डबे लावले तर ती गरमी पुन्हा टँकवरच येते.

मग १८ कुठून दिसतं? सेन्सर टँकमध्ये नसतोच. तो डब्याच्या आत थंड ब्लॉकला चिकटवलेला असतो किंवा बाहेर पडणाऱ्या नळीत. पाण्याचा प्रवाह मुद्दाम बारीक ठेवला, तासाला पाच लिटर, की तेवढ्याच २५ वॉटमध्ये नळीतून येणारं पाणी चार अंशांनी थंड लागतं. हात लावून बघणारा चटकन फसतो. आणखी एक गोष्ट विकणारा सांगत नाही: वीज गेली किंवा थर्मोस्टॅटने चकती बंद केली की तापलेल्या हीटसिंकची उष्णता त्याच चकतीतून उलट पाण्याकडे येते. पावसाळ्यात थंड बाजूवर दव साचून ते खालच्या एसएमपीएसवर ठिबकतं, तेव्हा अर्थिंग नसलेल्या प्लगवर हा डबा लावणं धोक्याचं आहे.

याहून वाईट माल म्हणजे ‘देशी कॉम्प्रेसर चिलर’. जुन्या वॉटर कूलरचा किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर, आणि गॅसची उघडी तांब्याची कॉइल थेट टँकच्या पाण्यात. हा थंड खरोखर करतो, म्हणूनच जास्त घातक आहे. भांडी बाजार आणि तांबट आळीच्या या गावात तांब्याच्या पाण्याबद्दल आदर आहे आणि विकणारा त्याचाच फायदा घेतो: “तांबं आरोग्याला चांगलंच असतं.” माणसाला तांब्यातलं पाणी चालतं, पण उभयचर प्राणी त्वचेतून आणि गिलांतून सगळं शोषून घेतो आणि पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला विष आहे. पाण्याला लागणारी कॉइल टायटॅनियमची असायला हवी, निदान ३०४ किंवा ३१६ स्टेनलेस स्टीलची. तांब्यावर रंग मारलाय, कोटिंग आहे, असं सांगितलं तरी घेऊ नका. ओरखडा पडायला एक दगड पुरतो.

‘कूलिंग ड्रॉप्स’च्या बाटल्यांवर फार बोलण्यासारखं नाही. थेंबांनी ६० लिटर पाणी थंड होत नाही.

‘आपल्या हवेला सरावलेलं पिल्लू’ ही थाप मात्र ओळखून ठेवा. ॲक्सोलॉटल मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच. त्याला १६ ते १८ अंश मानवतात, २० पर्यंत चालतं, २४ च्या वर तो आजारी पडतो. पिल्लू नाशिकला जन्मलं म्हणून हे आकडे बदलत नाहीत. शिवाय हा प्राणी साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, त्यामुळे कागद न देणाऱ्याकडून प्राणी घेणंही अंगाशी येऊ शकतं.

आता चिलर घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी बादलीची चाचणी करा. बादलीत मोजून २० लिटर पाणी, भोवती गोधडी, वर झाकण. पंप पाच मिनिटं फिरवून आपल्या थर्मामीटरने तापमान लिहा, मग एक तास चिलर चालवा. २० लिटर पाणी एक अंश उतरवायला सुमारे २३ वॉट-तास लागतात. खरा एक दशांश एचपीचा चिलर तासात पाच-सहा अंश सहज उतरवतो. पेल्टिअरचा डबा एक अंशावरच दमतो. ही चाचणी दुपारी करा, सकाळी नको. विकणारा नको म्हणाला तर उत्तर मिळालंच. वजनही बघा. कॉम्प्रेसरचा चिलर आठ किलोच्या खाली क्वचितच असतो आणि त्याच्या पाटीवर गॅसचं नाव, आर१३४ए किंवा आर६००ए, छापलेलं असतं. बिलावर ‘कॉम्प्रेसर चिलर’ हे शब्द आणि मॉडेल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘कूलिंग मशीन’ लिहिलं तर पुढे भांडायला जागा राहत नाही.

कमी पैशांत टँक थंड ठेवायचा तर आधी उष्णता आत येणं थांबवा. टँक पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, गच्चीखालच्या खोलीत नको. २५ मिलिमीटरचा थर्माकोल मागे, दोन्ही बाजूंना आणि तळाला लावला की आत येणारी उष्णता जवळपास निम्म्यावर येते. समोरच्या काचेसाठी एक सुटा तुकडा कापून ठेवा, दुपारी अकरा ते सहा लावायचा. तळाचा थर्माकोल टँक रिकामा असतानाच बसतो आणि तो दाट प्रतीचा घ्या, पातळ वजनाने दबतो. पाण्यात बुडणारा पंप काढून एअर पंपवरचा स्पंज फिल्टर लावा, दिवा बंद करा.

मग पंखे. संगणकाचे १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे दोन, पाण्यावरून तिरकी हवा जाईल असे, पृष्ठभागापासून दीड-दोन इंचांवर. काचेचं झाकण काढून जाळी बसवा, हा प्राणी उडी मारतो. एक लिटर पाणी दिवसाला उडालं की सरासरी २८ वॉट उष्णता गेली, म्हणजे एका पेल्टिअर डब्याएवढी, तीही पाच-सहा वॉट विजेत. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा असतो म्हणून हे इथे चांगलं चालतं, तीन-चार अंश मिळतात. उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा. नळाचंच घालत राहिलात तर क्षार साठत जातात.

राहिलेलं काम बाटल्यांचं. एक लिटरच्या बाटल्या, वर दोन बोटं जागा ठेवून गोठवलेल्या, लेबल काढून धुतलेल्या. एक बाटली ६० लिटर पाण्याला दीड अंशाच्या आसपास उतरवते. थर्माकोल आणि पंखे असतील तर दिवसाला तीन-चार पुरतात, एका वेळी एकच, म्हणजे पाणी झटकन गार होत नाही. घरच्या फ्रीजरला बाटली गोठवायला दहा-बारा तास लागतात, म्हणून दोन संच ठेवा. सुटा बर्फ पाण्यात टाकू नका, त्यात क्लोरिन असतं. जेल पॅक तर मुळीच नको, फुटला की टँक गेला.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पंखे निकामी होतात, हवेतच ओल असते. बाहेर गारवा वाटला तरी पाणी २४-२५ वर अडकतं. बाटल्या तेव्हाही चालू ठेवाव्या लागतात.

पैसे गेले असतील तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट आणि टँकमधल्या थर्मामीटरशेजारी डब्याचा आकडा दिसेल असा व्हिडिओ जपून ठेवा. माल सदोष निघाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन माल आलाच नाही तर लगेच १९३०, इथे उशीर करू नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

आणि प्राणी आत्ताच तापलेला असेल तर टँकशी झगडत बसू नका. दहा लिटरचा स्वच्छ टब, क्लोरिन काढलेलं पाणी, टँकपेक्षा दोन अंशच गार. त्यात प्राणी ठेवा, टब घरातल्या सगळ्यात थंड फरशीवर, वर ओलं फडकं. गोठवलेली छोटी बाटली रुमालात गुंडाळून एका कडेला टाका आणि पाणी तासाला एखाद्या अंशाने उतरू द्या. रोज सगळं पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदला. पहिला दिवस खायला देऊ नका.